प्रिय गुडघा डावा

जरीपटक्यात ज्याला काही विकायचं असेल त्यानं आधी दोनदा विचार करावा. विकणं हा इथल्या लोकांचा हातखंडा आहे. वस्तीचं नाव मराठ्यांच्या निशाणाचं, पण वस्ती मुख्यतः सिंध्यांची. 1947 नंतर घरदार तिकडं टाकून जी माणसं नागपुरात उतरली, त्यांनी हाती भांडवल नसताना दुकान कसं मांडायचं ते शिकून घेतलं आणि आज त्यांची नातवंडं गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाईक पायरी चढेस्तोवर त्याच्या चपलेवरून त्याचं बजेट ओळखतात. अशा लोकांना आमचे योगासर महिना आठशे रुपयांनी शवासन विकतात.

सरांचं नाव सांगत नाही. वस्तीत तसंही ते फारसं कुणाला माहीत नाही. कुणी ‘योगासर’ म्हणतं, कुणी ‘साडेपाचवाले’, कारण पहिली बॅच पहाटे साडेपाचची. एक म्हातारे दादा त्यांना सरळ ‘वो लेटाने वाला’ म्हणतात. सर पन्नाशीला टेकलेत. अंगानं शिडशिडीत, डोक्याचे केस काळेभोर, मिशी मात्र पांढरी. असं कसं म्हणून विचारलं तर सांगतात, “शीर्षासनात रक्त थेट टाळूला जाते न भाऊ, मधी मिशीच्या स्टॉपवर थांबत नाही.”

माझं दुकान इंदोरा चौकाकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत आहे. डीटीपी, फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, झेरॉक्स. सरांचा हॉल समोरच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, पत्र्याखाली. मे महिन्यात तिथं दोन कूलर लावूनही वेगळा हॉट योगा शिकवावा लागत नाही. क्लास सुटला की सर जिना उतरतात आणि हातातला कागद माझ्या काउंटरवर ठेवतात. “मॅटर आणलं.”

मॅटरचा हा नाद एका आंटींच्या प्रश्नानं लागला. नागपुरात योग शिकवून पैसे मागणं हेच मुळात कठीण काम. रामनगरात जनार्दनस्वामींनी सुरू केलेलं योगाभ्यासी मंडळ आहे. ते वर्षानुवर्षं एक पैसा न घेता शिकवतं, आणि त्याचे वर्ग शहरभर चालत आलेत. खुद्द सर तिथंच शिकले. पुढं त्यांनी रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाचं प्रमाणपत्रही घेतलं, पण हात धरून वाकायला शिकवलं ते मंडळानं. फुकट मिळालेली विद्या आठशे रुपयांना द्यायची म्हणजे मन खातंच. फी मागताना सर कधी माणसाकडं बघत नाहीत, पंख्याकडं बघतात. तर चौकशीला आलेल्या त्या आंटी हॉलभर फिरल्या, कूलर पाहिला, चटया पाहिल्या आणि म्हणाल्या, “सर, वो लोग फ्री में सिखाते हैं. टीवी पे बाबा भी फ्री में सिखाते हैं. तो आप में एक्स्ट्रा क्या है?”

दुसऱ्यांना योगनिद्रा देणारा हा माणूस त्या रात्री डोळे उघडे ठेवून पडला होता म्हणे.

पहिला कागद दुसऱ्याच दिवशी आला. मोठं पॅम्प्लेट, पेपरवाल्या पोरांकडून वर्तमानपत्रात टाकायचं. वर ओम, खाली ‘जय झुलेलाल’, मधे मजकूर: मधुमेह, बीपी, थायरॉइड, संधिवात, लठ्ठपणा यांचं समूळ उच्चाटन. मुलांची उंची वाढवा. पहिला दिवस मोफत.

“सर, 1954 चा एक कायदा आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींचा. त्याच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे. उंचीसुद्धा आहे.”

“तो औषधांसाठी न? आपलं तर औषध पण नाही आणि जादू पण नाही.”

“मग मधुमेह जातो कशानं?”

सर पंख्याकडं बघायला लागले. मी मग त्यांना पतंजलीच्या जाहिरातींचा खटला आठवून दिला. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विचारलं होतं की वर्तमानपत्रात छापलेली माफी ही मूळ जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का. हे ऐकून कुणीही सावध झाला असता. सरांनी खिशातून पेन काढलं. “म्हणजे आपण पॅम्प्लेट छापलं, तर माफीचं पॅम्प्लेट पण याच साइजचं लागेल. दोन्ही संगं छापले तर काही कमी कराल का?”

पॅम्प्लेट रद्द झालं.

मग भाचा आला. प्रत्येक छोट्या धंद्यात एक भाचा असतो; तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो आणि त्याला सगळं येतं. त्यानं मामाला सांगितलं की आता जाहिरात ‘पर्सनल’ पाहिजे, माणसाला वाटलं पाहिजे की हे मलाच लिहिलंय. सल्ला अगदी खरा होता. तो अमलात आणण्यासाठी त्यानं कॉम्प्युटरलाच सांगितलं की पर्सनल मजकूर लिही, आणि कॉम्प्युटरनं डोळ्यांचं पातं लवायच्या आत लिहून दिला. ‘तुम्ही केवळ चटईवर येत नाही, तुम्ही स्वतःकडे येता. तुमच्या आंतरिक प्रवासात आम्ही तुमच्या सोबत आहोत.’ शेजारी फोटो: मावळता सूर्य, समुद्रकिनारा, वृक्षासनात एका पायावर उभी असलेली एक काळी आकृती.

“ही बाई कोण?”

“गुगलची आहे.”

झिरो माइलच्या गावात समुद्र दाखवायला माझी हरकत नव्हती, सगळेच दाखवतात. देशातल्या यच्चयावत योगवर्गांच्या जाहिरातींवर हीच बाई उभी आहे आणि तिचा पाय अजून खाली आलेला नाही. पण बोर्ड लागला आणि सरांच्या फोनवर चौकशा सुरू झाल्या. पहिल्या आजींनी विचारलं की प्रवास किती दिवसांचा आहे. दुसऱ्यांनी विचारलं, ट्रेनचा की बसचा. तिसऱ्यांनी जेवण प्युअर व्हेज असेल का, कांदा-लसूण वेगळं मिळेल का, आणि पासष्टच्या वरच्यांना कन्सेशन आहे का हे विचारून दोन सीटा बुकसुद्धा केल्या. सरांनी त्यांना समजावलं की हा प्रवास आतल्या आत आहे. आजी म्हणाल्या, “आत-आत में तो हम खुद कर लेंगे, उसका आठ सौ काहे का?”

बोर्ड उतरला. भाचा परीक्षेच्या तयारीला लागला.

या काळात सरांनी एक तात्त्विक पळवाट पण शोधली. एका सकाळी ते हठयोगप्रदीपिका घेऊनच आले. त्यात पहिल्याच उपदेशात स्वात्मारामानं बजावलंय की ही विद्या गुप्त ठेवावी, उघड केली की तिचं तेज जातं. “ग्रंथातच मार्केटिंगला मनाई आहे भाऊ. आपण काऊन डोकं फोडून राहिलो?”

मी पुस्तक ठेवून घेतलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना चाळलं. स्वात्माराम मोठा बिलंदर लेखक आहे. एकीकडं विद्या झाकून ठेवा म्हणतो आणि चार पानं पुढं मयूरासनानं पोटाचे विकार जातात, वाटेल ते खाल्लेलं पचतं, इतकंच नाही तर कालकूट विषसुद्धा पचतं असं लिहून ठेवतो. आणखी पुढं सांगतो की तरुण असो, म्हातारा असो, जख्ख म्हातारा असो, आजारी असो की अशक्त, अभ्यास केला तर प्रत्येकाला सिद्धी मिळते. पाचशे वर्षं जुनी जाहिरात आहे ही, फक्त खाली पत्ता आणि मोबाइल नंबर नाही. संध्याकाळी मी सरांना हे दाखवलं. त्यांना कालकूटाचा मुद्दा फार आवडला. “हे कायद्यात बसते का? विषाचं नाव यादीत आहे का?” मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

माझे वडील महालातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांच्यामुळं मला औंधच्या राजांची गोष्ट माहीत होती, ती सांगायची हीच वेळ होती. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. तरुणपणी त्यांनी सॅन्डो या युरोपातल्या गाजलेल्या पहिलवानाची पुस्तकं वाचून, त्याची साधनं आणून वर्षानुवर्षं व्यायाम केला. मग ते सगळं सोडून सूर्यनमस्कारांवर आले आणि उरलेलं आयुष्य त्यांचाच प्रचार केला. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, पुस्तकं लिहिली, 1938 साली लंडनहून इंग्रजीतलं पुस्तक निघालं. राजा होता, हुकूम काढून मोकळा झाला असता. पण त्यानं सांगितलं काय, तर मी आधी हे करत होतो, मग हे करायला लागलो, बघा. घरच्या माणसांनासुद्धा त्यानं यात ओढलं. याला म्हणतात पर्सनल.

“म्हणजे स्वतःची गोष्ट लिहायची,” सर म्हणाले.

“खरी लिहायची.”

सरांची खरी गोष्ट मला पाठ आहे. ते आधी एका फायनान्स कंपनीत वसुलीला होते. थकलेले हप्ते मागत दिवसभर स्कूटरवर. नागपूरचे रस्ते, एप्रिलचं ऊन आणि समोरच्याच्या शिव्या. पाठ गेली. डॉक्टरनं पट्टा दिला. पट्टा लावून वसुलीला गेले तर कर्जदारालाच दया आली, त्यानं यांना आत बोलावून पाणी दिलं आणि रामनगरच्या मंडळाचा पत्ता दिला. हप्ता काही दिला नाही. पाच-सहा महिन्यांनी सर पट्ट्याशिवाय चालायला लागले, आणि वसुलीचं काम सोडून दिलं कारण दुसऱ्याकडं पैसे मागताना छाती आवळते हे त्यांना प्राणायामात बसल्यावर कळलं. ती आवळ अजून गेलेली नाही, म्हणून तर पंखा.

एवढी गोष्ट जवळ असताना सरांनी जो कागद आणला त्याची सुरुवात होती: ‘हिमालयाच्या कुशीत एका अज्ञात योगीपुरुषाच्या सान्निध्यात…’

“हिमालयात कधी गेला होता?”

“मावशीच्या यात्रेत. हरिद्वार.”

“आणि योगीपुरुष?”

“धर्मशाळेत बाजूच्या खोलीत होते एक. पहाटे चारला उठायचे. नळ सुरू ठेवायचे.”

“आणि तो कर्जदार? पाणी देणारा?”

सर एकदम संकोचले. “तो किस्सा कसा छापता भाऊ? लोकांना काय वाटेल, योगासर वसुली एजंट होते?” मी म्हटलं, जरीपटक्यात ते ऐकून दहा माणसं जास्त येतील, उधारी वसूल कशी करायची ते शिकायला. सरांना विनोद कळला नाही. त्यांनी कागदाला अक्षर मात्र ‘योगेश’च लावायला लावलं. सी-डॅकच्या देवनागरी फॉन्टांत या नावाचा एक आहे. आपल्या धंद्याचाच म्हणून सरांना तो शुभ वाटतो. हिमालय योगेशमध्ये कंपोझ झाला, प्रूफ निघालं आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. कारण प्रूफ बघून जाताना सर आपलं रजिस्टर काउंटरवर विसरले, आणि मी ते वाचलं.

हजेरीचं साधं लांबट रजिस्टर. आडव्या रेघा. पण हजेरीच्या चौकटी अर्ध्याअधिक रिकाम्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं. ‘पापडवाल्या आंटी. डावा गुडघा. वज्रासन देऊ नये, देत नाही म्हणून रुसतात, घडी घातलेली चादर द्यावी. घरी अठरा पायऱ्या, बाजूनं उतरतात.’ ‘मेडिकलवाले दादा. बीपी. मुलाचा दुबईहून फोन येतो त्या दिवशी पुढं वाकवू नये.’ ‘बँकेतल्या मॅडम. शवासनात रडतात. लाइट लवकर लावू नये.’ ‘नवी सून. सासूसमोर हात वर करत नाही. बॅच वेगळी.’ ‘साडीवाले अंकल. रविवारी दाल-पकवान. सोमवारी धनुरासन नको.’

मी दुपारभर ते वाचत बसलो. सर हॉलमध्ये शिकवतात कसे ते मी एक-दोनदा पाहिलं होतं. तिथं हा माणूस वेगळाच असतो. आवाज न चढवता चटयांमधून फिरतो, कुणाच्या खांद्याला दोन बोटं लावतो आणि खांदा खाली येतो. कुणाला म्हणतो, आज मान फिरवू नका, आज तुम्ही रागात आहात. बाई खरंच रागात असते. ‘एक्स्ट्रा क्या है’ हे सगळं या रजिस्टरात होतं. मी तसं म्हणालोही. सरांनी रजिस्टर जवळजवळ माझ्या हातातून ओढून घेतलं.

“हे कुठं छापतात का भाऊ? हे तर घरातलं आहे.”

आणि घरातलं ते घरातच राहिलं असतं, पण परीक्षा संपली आणि भाचा परत आला.

या वेळी त्याच्याकडं सॉफ्टवेअर होतं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत माणसं मोजकीच बसतात आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो, शिवाय मजकूर सगळ्यांना एकच. हे सॉफ्टवेअर तसं नव्हतं. ते फोनबुकातून एकेकाचं नाव उचलणार, ‘प्रिय’च्या पुढं लावणार आणि प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवणार. मजकूर ठरला: ‘प्रिय अमुक, तुम्ही आमच्यासाठी केवळ ग्राहक नाही. आम्ही तुम्हाला ओळखतो. नव्या बॅचमध्ये तुमची वाट पाहतोय.’ भाच्यानं बटण दाबलं आणि तो क्रिकेट खेळायला गेला.

सरांच्या फोनबुकात माणसांची नावं नव्हती हे त्याला कुठून माहीत असणार? साडेपाच, साडेसहा आणि संध्याकाळची बॅच, अशा तीन बॅचेसमधल्या आंट्या सरांना नावानं लक्षात राहत नाहीत. शरीरानं राहतात. त्यांनी नंबर सेव्ह करताना रजिस्टरचाच सारांश केला होता.

‘प्रिय पापडवाल्या आंटी गुडघा डावा, तुम्ही आमच्यासाठी केवळ ग्राहक नाही.’

‘प्रिय साडीवाले अंकल फी बाकी मार्चपासून, आम्ही तुम्हाला ओळखतो.’

‘प्रिय गॅस मागची रांग, नव्या बॅचमध्ये तुमची वाट पाहतोय.’

‘प्रिय नवी सून सासूबरोबर नको.’

मला हे कळलं ते मेडिकलवाल्या दादांमुळं. ते झेरॉक्सला आले आणि त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. “साईं, ये देखो. ‘प्रिय बीपी दुबई’. ये कौन सी एयरलाइन है?” मी सरांना फोन लावला तर बंद. वर जाऊन पाहिलं तर सर सर्वांगासनात. पाय छताकडं, डोळे मिटलेले. फोनची रिंग सुरू झाल्यावर त्यांनी तो बंद करून आसन लावलं होतं, आणि माझ्या अंदाजानं संकट टळेपर्यंत खाली यायचा त्यांचा विचार नव्हता.

“सर, खाली या.”

“मानेला त्रास होते एकदम उतरलं तर. हळूहळू येतो.”

ते हळूहळू येईस्तोवर जिन्यात पावलं वाजली. पहिल्या पापडवाल्या आंटी. अठरा पायऱ्यांच्या घरातून उतरून या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत चढून आल्या होत्या, धापा टाकत. मला वाटलं, आता फी परत मागणार. त्यांनी फोन सरांपुढं धरला आणि ओरडल्या, “सर, लेफ्ट नहीं, राइट! लेफ्ट तो कब का ठीक है, अभी राइट चल रहा है!”

आणि सरांचा चेहरा पालटला. दोन मिनिटांपूर्वी छताकडं पाय करून लपलेला माणूस गुडघ्यावर बसला. आंटींना खुर्ची दिली, पाऊल हातात घेतलं, चपलेचा तळ उलटा करून पाहिला. उजव्या चपलेची टाच एका बाजूनं पार झिजली होती. “डाव्याला जपून-जपून सगळा भार उजव्यावर टाकला न तुम्ही. मी तुम्हाला सांगितलं होतं, उतरताना कठडा धरा.” आंटी म्हणाल्या, कठड्यावर लोणच्याच्या बरण्या असतात. “बरण्या काढा.” एवढ्यावर तो विषय मिटला. निरोपाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

साडीवाल्या अंकलनी मार्चपासूनचे पैसे संध्याकाळी पाकिटात घालून पाठवले. वसुलीच्या नोकरीत सरांना जे जमलं नव्हतं ते एका ‘प्रिय’नं केलं. ‘गॅस मागची रांग’ यांचं उत्तर आलं नाही. ते पुढच्या आठवड्यात आले आणि मुकाट मागच्या रांगेत जाऊन बसले. सासूबाईंचं प्रकरण जड जाईल असं वाटत होतं, कारण सुनेचा निरोप त्यांनीच आधी वाचला होता. त्या आल्या, सरांना बाजूला घेतलं आणि विचारलं, “ये ‘सासूबरोबर नको’ बहू ने लिखवाया?” सर म्हणाले, नाही, मीच लिहिलं. “अच्छा किया. मुझे भी उसके साथ नहीं चाहिए. मेरे नाम में भी लिख दो.” बँकेतल्या मॅडमनी फक्त ‘ओके सर’ एवढंच पाठवलं. त्यांच्या नावापुढचं वाचून मला हसू आलं नव्हतं आणि वस्तीतही कुणाला आलं नाही, कारण त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही.

आता कुणाला वाटेल की सर शहाणे झाले. कॉपीरायटिंग शिकवणारी माणसं हजारो रुपये घेऊन जे सांगतात ते यांना एका संध्याकाळी फुकट कळलं होतं. सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते प्रसन्न चेहऱ्यानं, हातात कागद.

“भाऊ, आता समजलं. पर्सनल चालते.”

“मग?”

“दहा बाय चारचा फ्लेक्स. इंदोरा चौकात. मेट्रोतून उतरणाऱ्या माणसाला दिसला पाहिजे. वर मोठ्या अक्षरात, योगेशमध्ये, ‘प्रिय गुडघा डावा’.”

मी त्यांना समजावलं की चौकात महापालिकेची परवानगी लागते, आणि मेट्रोतून उतरणाऱ्या प्रत्येकाचा डावाच दुखत असेल असं नाही. सरांनी क्षणभर विचार केला. मग पेन काढून दुरुस्ती केली: ‘प्रिय गुडघा डावा / उजवा’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘लागू नसेल ते खोडावे’.

फ्लेक्स शेवटी बिल्डिंगच्या गेटलाच लावायचा ठरला. गुगलची बाई नको, खऱ्या गुडघ्याचा फोटो पाहिजे असं सरांचं म्हणणं पडलं, आणि ते मला पटलं. खरा गुडघा पापडवाल्या आंटींचा. त्या लगेच तयार झाल्या, फक्त अट घातली: “घुटना मेरा, तो नीचे पापड का नाम आएगा.” किती मोठं, यावर माझ्या काउंटरवर तासभर घासाघीस झाली. सर चौथाईवरून सुरू झाले, आंटी अर्ध्यावर. ज्या बाईनं आयुष्यभर शेकड्यावर पापड विकलेत तिच्याशी भाव करताना सर दर दोन मिनिटांनी पंख्याकडं बघत होते, त्यामुळं निकाल काय लागणार ते उघडच होतं. अंतिम फ्लेक्समध्ये वर गुडघा, खाली पापड, आणि मधे चिमटीत मावेल एवढ्या जागेत योगवर्ग. फोन नंबर एकच, सरांचा, कारण आंटींना सकाळी साडेपाचला कुणी फोन केलेला चालत नाही.

पहिला आठवडाभर त्या नंबरवर आलेले फोन सगळे पापडाचे होते. मूग की उडीद, मसाला की साधा, अर्धा किलो मिळेल का. सर ऑर्डर लिहून घेतात, रजिस्टरातच, शेऱ्याच्या रकान्यात. फोन ठेवताना मात्र विचारतात, “घरपोच देतो आजी, पण कोणत्या मजल्यावर राहता तुम्ही? लिफ्ट आहे का? आणि जिना चढताना पहिला पाय कोणता टाकता, आठवून सांगा बरं.”